दाब, धर, सोड

मापसाहेबांनी गाडीचं बॉनेट उघडलं ते निव्वळ काच पुसायच्या पाण्याची टाकी भरायला. हे त्यांनी पुढे सोसायटीच्या चेअरमनना सांगितलं, शेजारच्या कप्तानांना सांगितलं, आणि बायकोला तर गळ्याला चिमटा घेऊन सांगितलं. पण बॉनेटखाली एकदा माणसानं मान घातली की ती नुसतं पाणी भरून बाहेर निघत नाही. टाकीच्या पलीकडे, कोपऱ्यात, एक पांढरट डबी होती. तिच्यात ब्रेकचं ऑइल असतं हे मापसाहेबांना ठाऊक होतं. ते मधासारखं सोनेरी असावं हेही ठाऊक होतं. पण त्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी बॅटरीचा झोत टाकून पाहिलं, तर आतलं ऑइल गॅसवर विसरून राहिलेल्या कोऱ्या चहासारखं दिसत होतं.

मापसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापं खात्यात ते निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू तपासायचे, खोट निघाली तर खटला भरायचा, नाही निघाली तर शिक्का मारायचा, यात त्यांची उभी नोकरी गेली होती. बिल्डिंगमधल्या लोकांनी त्यांना हे नाव चेष्टेनं दिलं आणि त्यांनी ते मानानं घेतलं, त्यामुळे चेष्टेतली सगळी मजाच गेली.

त्यांनी वर येऊन गाडीचं माहितीपुस्तक काढलं. गाडीबरोबर मिळणारं हे पुस्तक जगात कुणीही वाचत नाही. मापसाहेबांनी ते दोनदा वाचलं होतं, फक्त ब्रेकच्या पानावर त्यांचं लक्ष कसं गेलं नाही कोण जाणे. तिथे स्वच्छ लिहिलं होतं की ब्रेकचं ऑइल दर दोन वर्षांनी बदलावं. ते हवेतला ओलावा पितं. पाणी मिसळलेलं ऑइल लांब उतारावर तापून उकळतं, त्यात बुडबुडे धरतात, आणि पाय दाबला तरी ब्रेक लागत नाही.

गाडी आठ वर्षांची होती. आणि रविवारी सकाळी त्यांची लेक तीच गाडी घेऊन डोंगरापलीकडच्या गावी, नव्या नोकरीवर निघणार होती. डोंगराचा पलीकडला उतार चांगला लांबलचक होता.

"काय हो, चेहरा का पडला?" बायकोनं विचारलं.

"कुठे काय," मापसाहेब म्हणाले, आणि त्यांनी गॅरेजवाल्याला फोन लावला.

"ब्रेक लागतोय ना साहेब?" गॅरेजवाल्यानं विचारलं.

"लागतोय."

"मग झोपलेल्याला कशाला उठवताय? सोमवारी आणा, बघू."

"रविवारी मुलगी गाडी घेऊन निघते आहे."

"मग ती परत आली की आणा!" गॅरेजवाला म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मापसाहेबांना हे लागलं. ज्या माणसानं भल्या भल्या किराणा व्यापाऱ्यांना घाम फोडला, त्याला एक गॅरेजवाला 'बघू' म्हणतो! शिवाय मुलगी परत येईल तेव्हा आणा म्हणजे काय? मुलगी परत यावी म्हणूनच तर हा सगळा उपद्व्याप होता. पण असलं काही मोठ्यानं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी फक्त जाहीर केलं, "उद्या सकाळी ब्रेकचं ऑइल मी बदलणार. आणि त्याला ऑइल म्हणत नाहीत. फ्लुइड म्हणतात."

"काय म्हणतात ते म्हणा," बायको म्हणाली, "पण बनियन जुनं घाला."

शनिवारी सकाळी मापसाहेब जुनं बनियन घालून पार्किंगमध्ये उतरले. एका हातात पान्हे, दुसऱ्या हातात नव्या ऑइलची सीलबंद बाटली, खिशात पारदर्शक नळीचा तुकडा आणि काखेत माहितीपुस्तक. त्यांची गाडी उभी होती ती जागा जरा अवघड होती. पुढे फाटकापर्यंत उतार, आणि अगदी बाजूला चेअरमनची नवी कोरी मोटार. चेअरमनना बाहेर पडायचं तर मापसाहेबांची गाडी आधी हलायला हवी, असा तो सगळा घाट होता. पण चेअरमन शनिवारी कुठे जात नाहीत, असा मापसाहेबांचा अंदाज होता. बाकी सगळी तयारी चोख होती. पुढच्या चाकांना विटा लावल्या. मागच्या चाकांचं काम करायचं म्हणून हँडब्रेक सोडला. जॅक लावला. चाक काढलं. इथवर सगळं पुस्तकाबरहुकूम झालं आणि मापसाहेब स्वतःवर खूष झाले.

मग लोक जमले.

माणूस सूटबूट घालून उभा असला तर कुणी विचारत नाही, पण बनियनवर गाडीखाली वाकला की सगळ्यांना त्याच्याविषयी आपुलकी वाटायला लागते. सगळ्यात आधी कप्तान आले. कप्तान तरुणपणी जहाजावर होते हे खरं होतं. मात्र ते जहाजाच्या मुदपाकखान्यात होते, हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं, आणि तिनं ते सगळ्या बिल्डिंगला सांगितलेलं होतं.

"ब्रेक का?" कप्तान म्हणाले. "जहाजाला ब्रेक नसतो, ठाऊक आहे?"

"नसेल," मापसाहेब म्हणाले.

"तरी थांबतं," कप्तान म्हणाले, आणि या विधानातून काय घ्यायचं ते मापसाहेबांवर सोपवून काढलेल्या चाकावर बसले.

पाठोपाठ पहिल्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई दवाखान्यात निघता निघता थबकल्या. डबीतलं जुनं ऑइल कसं काढणार, असं त्यांनी विचारलं. चिंध्यांनी टिपून, असं मापसाहेबांनी सांगताच त्यांनी पर्समधून एक नवी जाडजूड सिरिंज काढून दिली. "यानं ओढून घ्या. आणि घाई करू नका. घाईनं उपटलं की मूळ आत राहतं." ही सूचना ब्रेकला लागू नव्हती, पण इतक्या मायेनं केलेली होती की मापसाहेबांनी मान डोलावली.

सिरिंजचा छान उपयोग झाला. काळपट द्रव्य ओढलं, डबीत नवं सोनेरी ओतलं. आता राहिलं नळ्यांमधलं. त्याची रीत अशी की प्रत्येक चाकामागे हवा काढायचा एक इवलासा नट असतो. त्याला नळी जोडायची, नळीचं टोक बाटलीत सोडायचं. एकानं गाडीत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं नट जरासा सैल करून जुनं ऑइल बाहेर येऊ द्यायचं, नट आवळायचा, आणि मगच पहिल्यानं पाय सोडायचा. आधी सोडला की हवा आत गेलीच म्हणून समजा.

थोडक्यात, या कामाला दोन माणसं लागतात. आणि त्यांचं एकमेकांशी पटावं लागतं.

बायको गाडीत येऊन बसली. ती शाळेत गाणं शिकवायची. "मी काय करायचं ते एकदाच आणि नीट सांगा," ती म्हणाली.

"मी 'दाब' म्हटलं की दाब. 'धर' म्हटलं की धरून ठेव. 'सोड' म्हटलं की सोड."

"एवढंच?"

"एवढंच."

पहिलं चाक झकास झालं. दाब, धर, सोड. नळीतून चहा निघाला, मग फिका चहा, मग मध. मापसाहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. गॅरेजवाल्याला इथे बोलावून खुर्ची देऊन बसवावं आणि हे दाखवावं, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या चाकाला मात्र नट गंजलेला होता. जोर करताना मापसाहेबांची लय बिघडली. 'दाब' झाल्यावर 'धर' यायला उशीर व्हायला लागला.

"अहो, तुमचा ताल चुकतोय," आतून आवाज आला.

"तालाचा काय संबंध? मी म्हणेन तेव्हा!"

"पण पाय अवघडतो. पहिल्या चाकाला कसं तुम्ही बरोबर समेवर येत होतात."

"ही गाण्याची शिकवणी नाही!"

"तेच म्हणते मी. शिकवणीत मुलं इतकी ओरडत नाहीत."

यावर मापसाहेबांनी चाकामागून एक सविस्तर उत्तर दिलं. त्याला बायकोनंही सविस्तर उत्तर दिलं. त्यात मागच्या सहलीचा नकाशा आला, स्वयंपाकघरातल्या नळाची दुरुस्ती आली, मेहुण्यांचं नाव आलं. दाबणं-सोडणं चालूच होतं. कप्तान मन लावून ऐकत होते. या सगळ्यात बॉनेटखालच्या डबीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, आणि डबीतलं नवं ऑइल गुपचूप खाली खाली चाललं होतं.

तेवढ्यात गंजलेला नट एकदम नको तितका सैल झाला. नळी निसटली. मापसाहेब जिवाच्या आकांतानं ओरडले, "सोडू नको!"

त्या वेळी कप्तान खोकले. बायकोला फक्त "सोडू" एवढंच ऐकू गेलं.

"सोडा की," ती म्हणाली, आणि तिनंही सोडला. मग काहीतरी चुकलं असं वाटून तिनं पुन्हा दाणकन दाबला. नटातून एक सुरेख कमानदार पिचकारी निघाली आणि चेअरमनच्या मोटारीच्या बॉनेटवर जाऊन पडली.

"अगंबाई," बायको म्हणाली. "अहो, ब्रेक थेट जमिनीला टेकला!"

मापसाहेब धावत पुढे गेले. डबी कोरडी ठणठणीत होती. नळ्यांमध्ये आता हवाच हवा होती. जो ब्रेक काल संध्याकाळपर्यंत बिनबोभाट लागत होता, तो आज पुस्तक वाचून केलेल्या दुरुस्तीनंतर समूळ गेला होता. नवी बाटलीही संपली होती. मापसाहेब मटकन खाली विटेवरच बसले.

आणि नेमके त्याच वेळी चेअरमन इस्त्रीचे कपडे घालून जिन्यातून उतरले. त्यांना एका समारंभात भाषण करायचं होतं. भाषणं करायला चेअरमनना वर्षातून एखाद्या वेळीच बोलावणं यायचं, आणि ते आज आलं होतं.

"गाडी काढता जरा?" चेअरमन म्हणाले.

"काढता येणार नाही," मापसाहेब म्हणाले.

चेअरमननी जॅककडे पाहिलं, निघालेल्या चाकाकडे पाहिलं, बनियनकडे पाहिलं. "पार्किंगमध्ये वाहनदुरुस्ती करायला सोसायटीची मनाई आहे. तो नियम तुम्हीच मांडला होतात मापसाहेब. अनुमोदन मी दिलं होतं."

ते खरं होतं. कप्तानांनी आवारात होडी रंगवायला घेतली तेव्हा मापसाहेबांनी तो नियम पोटतिडकीनं मांडला होता. कप्तान आता चाकावर बसून समाधानानं हसले. त्यांनी आजवर असा दिवस पाहिला नव्हता.

"अशा बाबतीत कमिटीची परवानगी लागते," चेअरमन म्हणाले. "कमिटीची तातडीची सभा घ्यावी लागेल. कोरम..." इथे त्यांनी आजूबाजूला पाहिलं. ते स्वतः, कप्तान आणि मापसाहेबांची बायको, असे तिघेही कमिटीवर होते. सभा जागीच भरली. बायको गाडीतून न उतरताच हजर राहिली. नवऱ्याच्या विरोधातला ठराव तिनं तत्परतेनं मंजूर केला. ठराव असा की गाडी ढकलून फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत न्यावी. ठराव लिहून घेता घेता चेअरमन आपल्या मोटारीच्या बॉनेटवर टेकले, हाताला काही चिकट लागलं म्हणून त्यांनी रुमालानं पुसलं, आणि रुमालाबरोबर बॉनेटचा रंगही आला.

चेअरमननी रुमाल उन्हात धरून पाहिला.

"ते रंगाला चांगलं नसतं," मापसाहेब शेवटी म्हणाले. "पुस्तकात आहे. लगेच पाण्यानं धुवायचं असतं."

बायको बादली आणायला पळाली.

चाक बसवून गाडी खाली घेईपर्यंत दुपार झाली. आता सगळा प्रश्न उताराचा होता. ब्रेक नसलेली गाडी उतारावरून ढकलायची म्हणजे ढकलायची नव्हे, धरायची असते. डॉक्टरीणबाई दवाखान्यातून जेवायला आल्या होत्या. त्यांनी गच्चीवरची कपडे वाळत घालायची जाड दोरी दिली. ती गाडीच्या मागच्या हुकाला बांधली. दोरी धरून चेअरमन, कप्तान, डॉक्टरीणबाई आणि बायको असे चौघं मागे उभे राहिले. गाडीत कोण बसणार हा प्रश्न आला तेव्हा मापसाहेबांनी बायकोला हातानं बाजूला सारलं. "धोका आहे. मी बसतो," ते म्हणाले. त्या वाक्यानं सकाळपासूनची त्यांची अब्रू थोडी भरून आली.

विटा काढल्या.

"हळूहळू सोडा!" कप्तान गरजले. "नांगर सैल!"

गाडी हलली. थोडी घरंगळली. मग तिला उताराची गोडी लागली. दोरी ताणली गेली, मागून चौघांचे बूट-चपला फरशीवर फर्र्र करत घासत यायला लागल्या. मापसाहेब दोन्ही पायांनी ब्रेक दाबत होते आणि ब्रेक दर वेळी गुळगुळीत जमिनीला टेकत होता. समोर फाटक जवळ येत होतं. फाटकाशी चेअरमननी स्वतःच्या हातानं लावलेल्या गुलाबाच्या कुंड्या होत्या.

"कुंड्या! कुंड्या!" चेअरमन ओरडत घसरत होते.

फाटकातून त्याच वेळी लेक आत आली. उद्याच्या प्रवासाची खरेदी करून ती पिशव्या घेऊन येत होती. तिनं एका नजरेत सगळं पाहिलं. वडील गाडीत उभ्यानं बसल्यासारखे, मागे आई दोरीला लोंबकळते आहे, तिच्यामागे सोसायटीची सगळी कमिटी. तिनं पिशव्या टाकल्या, गाडीच्या बाजूनं धावत आली आणि उघड्या खिडकीतून ओरडली, "बाबा! हँडब्रेक!"

हँडब्रेक! तो तारेवर चालतो, त्याला ऑइल लागत नाही. पुस्तकात तेही होतं. मापसाहेबांनी तो सगळ्या ताकदीनिशी ओढला. गाडी कुंड्यांपासून वीतभर अंतरावर खाडकन थांबली. दोरी एकदम सैल पडली आणि मागची अख्खी कमिटी एकावर एक बसली.

लेक दार उघडून शेजारच्या सीटवर येऊन बसली. मागून उठण्याचे, कपडे झटकण्याचे, कप्तानांच्या कमरेचे असे निरनिराळे आवाज येत होते. मापसाहेब स्टिअरिंग धरून समोर बघत राहिले. गाडी थांबली होती, तरी त्यांचे दोन्ही पाय अजून ब्रेकवरच होते.

"काय चाललं होतं बाबा?"

"ऑइल बदलत होतो. फ्लुइड."

"कशाला?"

"त्यात पाणी मुरतं. लांब उतारावर उकळतं ते."

"किती पाणी?"

"पुस्तकात म्हटलंय, दोनतीन टक्के झालं तरी धोका."

"दोनतीन टक्क्यांसाठी तू एवढं केलंस?"

"तराजूत दोनतीन टक्के खोट निघाली तर मी खटला भरत आलोय," मापसाहेब म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "आणि तिथे तर नुसती साखर असते."

लेकीनं वडिलांच्या गालाला लागलेलं काळं बोटानं पुसायचा प्रयत्न केला, ते आणखी पसरलं. "मला वाटलं होतं तुला काहीच वाटत नाहीये," ती म्हणाली. "आई निदान रोज डबे भरतेय. तू नुसता पेपर वाचत होतास."

"वाचत नव्हतो," मापसाहेब म्हणाले. "धरला होता."

लेकीनंच गॅरेजवाल्याला फोन लावला. मापसाहेबांचं 'बघू' वर गेलेलं काम तिच्या फोनवर तासाभरात झालं, कारण तिनं फक्त एवढंच सांगितलं की बाबांनी स्वतः ब्रेकचं काम केलंय. हे पाहायला गॅरेजवाला नव्या ऑइलचा डबा आणि हत्यारं घेऊन स्कूटरवरून आला, आणि आल्या आल्या डबीत डोकावून त्यानं मनमुराद हसून घेतलं. त्याला मुळात लाज, संकोच, काही नव्हतंच. आपण या भागातले एक नंबरचे कारागीर आहोत हे त्यानं सगळ्यांना सांगितलं, चेअरमनना पॉलिशचा पत्ता दिला, कप्तानांना कमरेसाठी मलम सुचवलं, आणि मापसाहेबांना म्हणाला, "चला साहेब, बसा आत. तुम्ही ब्रेक दाबा. मी सांगीन तसं करायचं, मधे बोलायचं नाही."

मापसाहेब बसले. डबीवर नजर ठेवायला बायको उभी राहिली आणि तिनं शेवटपर्यंत पापणी हलवली नाही. चारही चाकं झाली. गॅरेजवाला म्हणाला तेव्हा मापसाहेबांनी दाबलं, म्हणाला तेव्हा धरलं, म्हणाला तेव्हा सोडलं. हळूहळू पायाखालचा तो भुसभुशीतपणा गेला आणि ब्रेक घट्ट लागायला लागला. इतकं बरं त्यांना बढतीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. मग गल्लीत गाडी नेऊन त्यांनी ब्रेकची चाचणी घेतली. आणखी एकदा घेतली. पुढे इतक्या वेळा घेतली की समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले, आणि गॅरेजवाला हात जोडून म्हणाला, "साहेब, आता टायर बदलावे लागतील."

चेअरमन भाषणाला जाऊ शकले नाहीत. बॉनेटवर तळहाताएवढा डाग पडला होता. मापसाहेब त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले तेव्हा चेअरमन न केलेल्या भाषणाचा कागद पुढ्यात घेऊन बसले होते.

"रंगाचं मी बघतो," मापसाहेब म्हणाले.

"बघालच," चेअरमन म्हणाले. "माझा मुलगा लांब गेला तेव्हा मी पंधरा दिवस घरातली सगळी घड्याळं दुरुस्त करत बसलो होतो. एकही चालू राहिलं नाही. बसा. हे भाषण ऐकता का? फुकट गेलं बघा."

मापसाहेबांनी भाषण पुरतं ऐकलं. शेवटी टाळ्याही वाजवल्या.

रविवारी सकाळी लेक निघाली. डिकी डब्यांनी भरलेली, मागच्या सीटवर गादी आणि टेबलफॅन. डॉक्टरीणबाईंनी दातांचा ब्रश दिला, कप्तानांनी दिशा सांगितल्या, त्यातल्या बऱ्याचशा उत्तरेकडच्या होत्या. बायको पदराला डोळे पुसत होती. मापसाहेबांनी टायरची हवा पाहिली, आरसे पाहिले, आणि मग पाहण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा खिडकीशी वाकून म्हणाले, "उतारावर गाडी खालच्या गियरमध्ये ठेव."

"ठेवते."

"फार वेळ ब्रेक दाबून धरू नकोस."

"नाही धरत. बाबा, बाजूला हो."

ते बाजूला झाले. गाडी उतारावरून अलगद फाटकाकडे गेली, फाटकातून बाहेर पडली, मोकळ्या रस्त्याला लागली. रविवारची सकाळ. रस्त्यावर माणूस नव्हता, कुत्रंही नव्हतं. तरी थोडं पुढे गेल्यावर गाडीचे मागचे लाल दिवे एकदम लागले आणि गाडी जागच्या जागी थांबली.

"काही विसरली वाटतं," बायको म्हणाली आणि दोन पावलं पुढे झाली.

मापसाहेबांनी तिचा हात धरला. "विसरली नाही," ते म्हणाले. "दाखवते आहे."

खिडकीतून एक हात बाहेर आला, हलला. लाल दिवे विझले. गाडी पुढे निघाली आणि वळणावर दिसेनाशी झाली.